मराठी गूढकथा : भीतीच्या आडून सांगितलेले वर्तमान

नरसी नामदेव (जि. हिंगोली) : कयाधू नदीच्या काठावरील नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. आषाढी एकादशीनंतरच्या परतवारीला येथे भाविकांची गर्दी होते. पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचलेल्या आणि गुरु ग्रंथसाहिबात ६१ पदांच्या रूपाने स्थान मिळवलेल्या या संताच्या नावाभोवती महाराष्ट्राच्या लोकस्मृतीने कितीतरी अद्भुत कथा विणल्या. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथचे देऊळ नामदेवांसाठी फिरले, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध कथा. अद्भुताच्या आधाराने माणसाच्या अडचणीची गोष्ट सांगण्याची ही रीत मराठीत किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

छापखाने आले, मासिके आली, शहरे वाढली, तेव्हा हीच रीत नव्या वेषात पुढे आली. रहस्यकथा, भयकथा, गूढकथा, विज्ञानकथा अशी तिची नावे झाली. ग्रंथालयांच्या कपाटात सर्वाधिक हाताळल्या गेलेल्या पुस्तकांत या कथांचा समावेश असे. परंतु समीक्षेच्या दालनात त्यांना दाराबाहेर उभे राहावे लागले. 'वेळ घालवण्याचे वाचन' एवढाच शिक्का त्यांच्यावर बसला. प्रत्यक्षात घर, नोकरी, मुले, पैसा, एकाकीपणा, बंद पडलेली गिरणी आणि पडलेला बाजारभाव या गेल्या शतकातील चिंता मराठी कथेने अनेकदा गूढाच्याच आडून मांडल्या आहेत. या कथाप्रकाराचा, त्याच्या प्रमुख लेखकांचा आणि त्याच्या आजच्या स्थितीचा हा आढावा.

चमत्काराच्या आतला प्रश्न

औंढ्याच्या कथेत नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असता त्यांना तेथून हटवून मागच्या बाजूला जाण्यास सांगितले जाते. ते मागे जाऊन कीर्तन करू लागतात आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करते. ऐकणाऱ्याला लक्षात राहते ते फिरलेले देऊळ. पण कथेचा कणा वेगळा आहे. शिंपी जातीत जन्मलेल्या भक्ताला देवासमोर उभे राहण्याचा अधिकार आहे की नाही, हा तो प्रश्न होय. चमत्कार हे त्या प्रश्नाचे कथेने दिलेले उत्तर आहे.

संत चोखामेळ्याच्या अखेरीची कथा याहून बोलकी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेले मजूर तिच्याखाली गाडले गेले; त्यांत चोखोबा होते. परंपरेनुसार हे वर्ष १३३८. नामदेव तेथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. अस्थींतून येणारा ध्वनी हा गूढाचा भाग. परंतु त्याच्या तळाशी बांधकामावरील अपघात, नोंद नसलेले मजूर आणि ढिगाऱ्यातून आपल्या माणसाची ओळख पटवण्याची धडपड आहे. आजच्या वर्तमानपत्राच्या वाचकाला हे सारे अपरिचित नाही.

मराठी गद्यातही छोट्या गोष्टीची परंपरा याच काळापासूनची आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेले 'लीळाचरित्र' हे चक्रधरस्वामींच्या जीवनातील लहान लहान प्रसंगांचे बनलेले आहे, तर केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त एकेक तत्त्व सांगण्यासाठी एकेक गोष्ट योजली आहे. थोडक्यात सांगणे आणि शेवटी ऐकणाऱ्याला विचारात टाकणे, हा कथेचा गुण मराठीला परदेशातून आयात करावा लागला नाही.

चार शब्द, चार प्रकार

गूढ, रहस्य, भय आणि विज्ञान हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात. वाचकाच्या दृष्टीने मात्र त्यांत स्पष्ट भेद आहेत.

रहस्यकथेत प्रारंभी एक कोडे असते. खून कोणी केला, दागिना कोठे गेला, बेपत्ता माणूस कोठे आहे? शेवटी या कोड्याची उकल होणे बंधनकारक असते आणि ती तर्काने व्हावी लागते. अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो याची रू मॉर्गमधील खुनांची कथा १८४१ मध्ये प्रसिद्ध झाली. आधुनिक रहस्यकथेचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो.

भयकथेत वाचकाला घाबरवणे हा मुख्य हेतू असतो. तेथे अमानवी शक्तीचे अस्तित्व कथेपुरते मान्य केलेले असते आणि संघर्ष असतो तो तिच्यापासून वाचण्याचा.

गूढकथा या दोहोंच्या मध्ये उभी असते. घडले ते खरोखर अमानवी होते की मनाचा खेळ होता, याचा निर्णय ती पूर्णपणे देत नाही. फ्रान्समधील समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्याविषयीच्या आपल्या ग्रंथात या संभ्रमालाच त्या साहित्याचे लक्षण मानले. संभ्रम मिटला की कथा एका बाजूला कलते : उलगडा झाला तर ती रहस्यकथा होते आणि भूत सिद्ध झाले तर भयकथा.

विज्ञानकथेत अज्ञाताची जागा विज्ञानातील एखादी शक्यता घेते. 'असे झाले तर?' या प्रश्नातून ती पुढे सरकते आणि तिचे उत्तर त्या काळच्या ज्ञानाशी विसंगत असून चालत नाही.

चांगल्या कथासंग्रहात हे प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात. त्यामुळेच एका बैठकीत वाचताना वाचकाला पुढची कथा कोणत्या वळणाने जाईल, याचा अंदाज येत नाही.

'मुक्तामाले'पासून अर्नाळकरांपर्यंत

मराठी कादंबरीच्या आरंभीच दोन वाटा फुटल्या. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'ने (१८५७) विधवांच्या दुःखाचा थेट सामाजिक प्रश्न हाती घेतला, तर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला'ने (१८६१) अद्भुतरम्यतेची वाट धरली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी हाती घेतलेल्या अरबी सुरस गोष्टींच्या अनुवादाने वाचकांच्या कल्पनाशक्तीला आणखी खाद्य पुरवले. पुढे गो. ना. दातार यांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या वळणाच्या कादंबऱ्या मराठी वातावरणात आणल्या. भुयारे, गुप्त दरवाजे, वेषांतरे आणि कारस्थाने यांनी भरलेली 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' ही त्यांची पुस्तके कित्येक पिढ्यांनी वाचली.

लघुकथेला मात्र नियतकालिकांची वाट पाहावी लागली. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि त्यांच्या 'स्फुट गोष्टीं'नी मराठी कथेला आधुनिक रूप येऊ लागले. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला. त्या घटनेचे महत्त्व वाङ्मयीन आहे तितकेच व्यावहारिकही. वर्षातून एकदा शेकडो पाने छापली जाणार, त्यांसाठी कथा लागणार आणि त्या कथा सर्व घराने वाचाव्यात अशा हव्यात, ही मागणी त्यातून कायमची निर्माण झाली.

या मागणीला रोजच्या वाचनाची जोड दिली ती बाबूराव अर्नाळकरांनी. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रे मुंबईच्या चाळींतून आणि मराठवाडा-विदर्भातील वाचनालयांतून सारख्याच आतुरतेने वाचली गेली. अर्नाळकरांचे १९९६ मध्ये निधन झाले. गुरुनाथ नाईक यांनी हीच परंपरा पुढे चालवली, तर सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास अशी नव्या शहराची भाषा बोलणारी पात्रे निर्माण केली.

पानांची संख्या, छोटी वाक्ये, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ताणलेली उत्कंठा आणि परवडणारी किंमत, हे या पुस्तकांचे तंत्र होते. एका पिढीला सलग वाचनाची सवय लावण्याचे श्रेय त्यांना नाकारता येणार नाही.

दिवाळी अंकांनी घडवलेला प्रकार

स्वातंत्र्यानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा प्रतिष्ठित झाली आणि 'सत्यकथा' हे तिचे मुख्य व्यासपीठ ठरले. त्याच काळात अनंत अंतरकर यांच्या 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' या मासिकांनी वेगळी वाट चोखाळली. त्यातही 'नवल' हे अद्भुत, भय, रहस्य आणि विज्ञान यांना वाहिलेले मासिक होते. देशोदेशीच्या कथांची रूपांतरे त्यातून मराठीत आली आणि द. पा. खांबेटे यांच्यासारखे या प्रकारात रमणारे लेखक वाचकांना परिचित झाले. 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी पुढे रहस्य आणि गूढ यांसाठी हक्काची जागा राखून ठेवली.

याचा परिणाम कथेच्या बांधणीवर झाला. दिवाळी अंकातील कथा पंधरा-वीस पानांत संपावी लागते. पात्रे कमी, स्थळ एक, काळ थोडा आणि कलाटणी शेवटच्या पानावर हे तिचे गणित त्यातून ठरले. ज्यांना हे गणित साधले, त्यांत दोन नावे सर्वांत मोठी आहेत : नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी.

धारप : भयाच्या मुळाशी लोभ

नारायण धारप (१९२५-२००८) यांनी मराठी भयकथेला तिची स्वतंत्र भूमी दिली. पाश्चात्त्य भयसाहित्याचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. एच. पी. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांचा प्रभाव त्यांच्या लेखनावर स्पष्ट दिसतो. मात्र त्यांचे वाडे, परसातली विहीर, कोकणातली वाट, पुण्यातली खोली आणि एकत्र कुटुंबातले अबोले हे अस्सल मराठी आहेत. समर्थ, जयदेव, कृष्णचंद्र यांच्यासारखी दुष्ट शक्तींना तोंड देणारी पात्रे त्यांनी उभी केली.

धारपांच्या कथांतील संकट बहुधा आपण होऊन दारात येत नाही. कोणीतरी हव्यासापोटी, कुतूहलापोटी किंवा सूडापोटी ते दार उघडलेले असते. वारसाहक्काने मिळालेले घर हे त्यांचे आवडते कथास्थान. वाटण्या, मालमत्ता आणि तीवरून दुरावलेली माणसे ही महाराष्ट्रातील घराघरांतली गोष्ट त्यांनी भयाच्या रूपात सांगितली. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या कथेत धारपांच्या 'आजी' या कथेचा आधार आहे, तर शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचलेले. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याला पहिल्या खेपेपेक्षाही मोठा प्रतिसाद मिळाला. धारपांचे नाव न ऐकलेल्या तरुण वाचकांपर्यंत त्यांची पुस्तके त्यानिमित्ताने पोहोचली.

मतकरी : घरातले गूढ

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी सुमारे वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि १९७८ नंतर पूर्णवेळ लेखन पत्करले. बालरंगभूमी, नाटक, कादंबरी, चित्रपट अशा अनेक क्षेत्रांत वावरलेल्या या लेखकाने 'गूढकथा' हा शब्द मराठी वाचकाच्या ओठी रुळवला. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध', 'निजधाम', 'मृत्युंजयी', 'ऐक टोले पडताहेत', 'फाशी बखळ', 'रंगांधळा' हे त्यांचे गाजलेले संग्रह. 'गहिरे पाणी' या दूरचित्रवाणी मालिकेने त्यांच्या कथा घरोघरी नेल्या.

मतकरींच्या कथेत भूत क्वचितच पांढऱ्या साडीत येते. तेथे असतो तो शहरातला छोटा फ्लॅट, कार्यालयातील स्पर्धा, नवरा-बायकोतील न बोललेला संशय, आजारी माणसाची खोली आणि कोणालाही नको असलेला म्हातारा. माणसाच्या मनातील अपराधभाव हेच त्यांच्या लेखी खरे गूढ होते. त्यामुळे कथा संपल्यावर वाचक दार बंद आहे की नाही हे पाहत नाही. आपण कोणाशी कसे वागलो, हे आठवू लागतो.

या वाटेचे टोक म्हणजे त्यांची 'इन्व्हेस्टमेंट' ही कथा. तीत अमानवी असे काहीही नाही. महत्त्वाकांक्षी आई-वडील, यशाखेरीज काही न शिकवलेला त्यांचा मुलगा, त्या मुलाच्या हातून घडलेला गंभीर गुन्हा आणि तो दडपण्यासाठी पालकांची चाललेली खटपट, एवढाच तिचा विषय आहे. मतकरींनी स्वतः त्यावर चित्रपट दिग्दर्शित केला आणि ६०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. भुताविना भय निर्माण करता येते, याचा याहून सुस्पष्ट दाखला मराठीत सापडणे कठीण. १७ मे २०२० रोजी, करोनाच्या साथीत मुंबईत मतकरींचे निधन झाले.

कुंपणापलीकडचे गूढ

गूढ ही केवळ लोकप्रिय साहित्याची मिरासदारी नव्हती. जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांच्या 'काजळमाया', 'सांजशकुन', 'रमलखुणा' या पुस्तकांत नियती, मृत्यू आणि माणसाचा व्यर्थ शोध यांना दृष्टांतकथेचे रूप मिळाले. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. तो त्यांनी परत केला. विलास सारंग (१९४२-२०१५) यांनी 'सोलेदाद'पासून विक्षिप्त वाटणाऱ्या घटनांतून महानगरातील माणसाचे तुटलेपण दाखवले. जालन्यात जन्मलेले आणि उदगीर येथील ९५व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (२०२२) अध्यक्ष झालेले भारत सासणे यांच्या दीर्घकथांतही वास्तव आणि स्वप्न यांची सीमा पुसट होत जाते.

जयंत पवार (निधन २०२१) यांनी तर मुंबईच्या गिरणगावाची उद्ध्वस्त कहाणी सांगण्यासाठी रहस्य, दंतकथा आणि अफवा यांचाच वापर केला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. हाती दप्तर नाही, नोंद नाही, जबाबदार कोण याचे उत्तर नाही, अशा वास्तवाला सरळ कथन अपुरे पडते. त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि लोकप्रिय व गंभीर या दोन कप्प्यांमधली भिंत किती पातळ आहे, हे त्यामुळे अधोरेखित झाले. अलीकडच्या काळात हृषीकेश गुप्ते यांनी 'अंधारवारी', 'घनगर्द' यांसारख्या पुस्तकांतून भयकथेला पुन्हा प्रतिष्ठेच्या चर्चेत आणले.

कृष्णविवर आणि औंढा नागनाथ

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह पुढे विज्ञानकथेचा मानदंड ठरला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नारळीकरांच्या त्या कथेच्या शीर्षकातील विषयाचा आणि हिंगोली जिल्ह्याचा आज जवळचा संबंध आला आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. त्या सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या घटनेतून आल्या होत्या. याच धर्तीची 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात उभारण्याचा निर्णय झाला असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनात असलेल्या दोन भुजांतून लेझर किरण धाडून त्यांच्या लांबीतील फरक मोजला जातो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. या प्रकल्पात सहभागी असलेली पुण्याची 'आयुका' ही संस्था नारळीकरांनीच १९८८ मध्ये स्थापन केली होती.

ज्या तालुक्यात देऊळ फिरल्याची कथा सांगितली जाते, तेथेच अवकाशाची थरथर मोजण्याचे यंत्र उभे राहावे, हा योगायोग आहे. पण त्यातून एक फरक नेमका कळतो. श्रद्धेची कथा अज्ञाताला नमस्कार करते, गूढकथा त्याच्याकडे टक लावून पाहते आणि विज्ञान त्याचे मोजमाप घेते. विज्ञानकथेचे काम या तिघांत संवाद घडवण्याचे आहे.

भूत नसलेली भीती

मराठवाड्यातील कथेने मात्र गूढापेक्षा उघड संकटाला अधिक जागा दिली. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा पाठ्यपुस्तकातून अनेकांनी वाचली आहे. बाजारात टोमॅटोचा भाव कोसळतो आणि शेतकरी आपलाच माल पायाखाली तुडवतो, एवढीच घटना. हातातल्या पिकाची किंमत एका सकाळीत शून्य कशी झाली, हे त्या शेतकऱ्यासाठी कोणत्याही भुतापेक्षा मोठे कोडे आहे. येथे गुन्हा घडला आहे, नुकसान झाले आहे, पण गुन्हेगार समोर दिसत नाही.

परभणीत पत्रकारिता करणारे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातील सत्ता, जात, दुष्काळ आणि शेतीची ओढाताण यांत अडकलेली माणसे त्यात आहेत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्याच भूभागाचा भाग आहे. कापूस, सोयाबीन आणि हळद यांच्या भावावर येथील घरांचे वर्ष ठरते. लोमटे यांच्या कथेत अमानवी काही घडत नाही. परंतु निर्णय कोठे होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो हे पात्रांना अखेरपर्यंत नीटसे कळत नाही आणि हाच तिच्यातील अस्वस्थ करणारा भाग आहे. शहरातील वाचकाने मतकरींचा संग्रह आणि लोमटे यांचा संग्रह एकापाठोपाठ वाचले, तर एकाच राज्यातील दोन प्रकारच्या भीतीची ओळख होईल.

गूढकथा आणि अंधश्रद्धा

या साहित्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की भुताखेतांच्या गोष्टींमुळे अंधश्रद्धेला खतपाणी मिळते. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. भानामती, करणी, अंगात येणे यांच्या नावाखाली प्रत्यक्ष माणसांना, विशेषतः स्त्रियांना, मारहाण आणि बहिष्कार सोसावा लागल्याची उदाहरणे महाराष्ट्रात घडली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या माध्यमातून त्याविरुद्ध काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

या कायद्याचा रोख फसवणूक, शोषण आणि शारीरिक इजा यांवर आहे. कथा सांगण्याला किंवा छापण्याला त्याने बंदी केलेली नाही आणि हा भेद महत्त्वाचा आहे. मांत्रिक सांगतो ती गोष्ट खरी मानावी असा त्याचा आग्रह असतो, त्यासाठी तो पैसे घेतो आणि शेवटी कोणावर तरी बोट ठेवतो. कथाकाराशी वाचकाचा करार उलटा असतो. हे काल्पनिक आहे, हे दोघांनाही पहिल्या ओळीपासून ठाऊक असते. चांगली गूढकथा शेवटी बोट ठेवते ते दुबळ्या शेजारणीवर नव्हे, तर लोभ, क्रौर्य किंवा मौन बाळगणाऱ्या घरावर.

अर्थात प्रत्येक कथा या कसोटीला उतरते असे नाही. विधवा, अपंग किंवा वेडसर ठरवलेली स्त्री हीच संकटाचे मूळ, अशी मांडणी जुन्या भयकथांत वारंवार आढळते. आजच्या वाचकाने ती डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजे. भीती कशाची वाटते यापेक्षा भीती कोणाच्या माथी मारली आहे, हा प्रश्न विचारला की कथेचा कस लगेच कळतो.

पुस्तके मिळतात कोठे?

या प्रकारातील बरेच साहित्य स्वस्त कागदावर, वाचून संपवण्यासाठी छापले गेले. पुस्तके हातोहात फिरली, फाटली आणि रद्दीत गेली. नियतकालिकांतील कित्येक कथा संग्रहरूपाने कधी आल्याच नाहीत. धारपांच्या बाबतीत चित्र तुलनेने बरे आहे. छत्रपती संभाजीनगर येथील साकेत प्रकाशनाने त्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. २०१७ मध्ये 'स्टोरीटेल' भारतात आल्यानंतर मराठी श्राव्य पुस्तकांना वाट मिळाली आणि भयकथा व रहस्यकथा यांना तेथे साहजिकच श्रोते लाभले. रात्री दिवा मालवून गोष्ट ऐकण्याची जुनी सवय अशा रीतीने कानातल्या यंत्रावर परतली.

दुसऱ्या बाजूला, पाने स्कॅन करून फुकट फिरवण्याचा प्रकार वाढला आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या लेखनाचे हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे अर्नाळकरांचे लेखन २०५६ अखेरपर्यंत, धारपांचे २०६८ अखेरपर्यंत आणि मतकरींचे २०८० अखेरपर्यंत संरक्षित आहे. पुस्तक बाजारात मिळत नाही म्हणून त्याची बेकायदा प्रत फिरते आणि बेकायदा प्रत फिरते म्हणून प्रकाशक नवी आवृत्ती काढण्यास कचरतो, असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडण्याचा मार्ग ग्रंथालयांतून जातो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे राज्यात अनुदानित वाचनालयांचे जाळे उभे राहिले. जुन्या वाचनालयांच्या मागच्या कपाटांत अर्नाळकर आणि जुने दिवाळी अंक अजूनही सापडू शकतात. 'जीर्ण पुस्तके' म्हणून ती निकाली काढण्याआधी त्यांची सूची आणि संगणकीय प्रत व्हावी. एकदा रद्दीत गेलेला अंक कोणत्याही रहस्यकथेतील नायक शोधून आणू शकणार नाही.

वाचनाला सुरुवात कोठून करावी?

नव्या वाचकाने एकाच लेखकाचे सर्व संग्रह सलग वाचू नयेत. कलाटणीची सवय झाली की तिचा परिणाम कमी होतो. प्रथम मतकरींचा 'खेकडा' किंवा 'मध्यरात्रीचे पडघम' घ्यावा. त्यानंतर धारपांचा एखादा संग्रह, मग नारळीकरांची 'यक्षांची देणगी' आणि त्यापुढे जयंत पवार व आसाराम लोमटे. या क्रमात भूत हळूहळू मागे पडते आणि माणूस पुढे येतो. जी. ए. कुलकर्णी शेवटी वाचावेत; त्यांना वेळ द्यावा लागतो. प्रौढ वाचकांसाठीचे हे संग्रह लहान मुलांच्या हाती देण्यापूर्वी घरच्यांनी एकदा स्वतः वाचणे इष्ट.

दर दिवाळीला नवे अंक येतात आणि त्यांत नव्या पिढीच्या कथा असतात. मोबाइलवरील कर्ज, बनावट ओळख, पाळत, ओस पडलेली गावे, शहरात एकटे राहिलेले वृद्ध हे आजचे विषय आहेत. मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यात आपला माणूस शोधणाऱ्या नामदेवांच्या कथेपासून अनोळखी आवाजाने बँक खाते रिकामे करणाऱ्या गोष्टीपर्यंत साधने बदलली. ज्याचा जाब कोणाला विचारावा हे कळत नाही, अशा संकटाला मात्र मराठी माणूस आजही गोष्टीचेच रूप देतो.